पुस्तकभिशीला उन्हाळ्यात खायला काय ठेवता?

आमच्या पुस्तकभिशीचा शिरस्ता ठरलेला आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, वाचलेल्यावर बोलायचं, पुस्तकांची अदलाबदल करायची आणि रात्रीच्या कुकरच्या वेळेला घरी परतायचं. पावसाळ्यात भजी आणि थंडीत मटार-करंज्या असल्या की यजमानणीला डोकं चालवावं लागत नाही. पंचाईत होते ती एप्रिल-मेमध्ये. संध्याकाळी पाचलासुद्धा गॅससमोर उभं राहवत नाही, गरम काही कुणाला नको असतं, आणि नुसत्या सरबतावर बोळवण केली तर तासाभरात पोटं बोलायला लागतात. त्यातून आपल्याकडे एक जादा अट: खाताना हातात पुस्तक असतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याचं असतं. तेव्हा सोपं, गार चालणारं आणि बोटं न बरबटवणारं असं तुम्ही काय काय ठेवता, ते सविस्तर लिहा. चालीरीती, भांडणं, सगळं चालेल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा बेत जसाच्या तसा उचलतो. आंबेडाळ, पन्हं, कलिंगड. एक वाटी हरभरा डाळ सकाळी भिजत घालायची, चार-पाच तासांनी निथळून पाणी न घालता जाडसर वाटायची. अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ, चिमूटभर साखर, मिरची, ओलं खोबरं. फोडणी तेवढी करावी लागते. मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या. ती पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर ओतायची. गरम ओतली की डाळीचा कच्चा, करकरीत स्वाद जातो. छोट्या वाट्यांत चमच्यासकट द्यायची, म्हणजे बोटांचा प्रश्नच येत नाही. पन्ह्याचा गर गूळ-वेलची घालून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये, ऐन वेळी फक्त माठातलं पाणी.

– कोथरूड, पुणे

मस्त धागा. आमचा गट नोकरदारांचा, लोकलमधून उतरून माणसं साडेआठला उगवतात, त्यामुळे 'हलकं काहीतरी' म्हणून भागत नाही. वन बीएचकेचा हॉल, दहा-बारा जण आणि डोक्यावर पंखा. कोरडी भेळ हा आमचा कायमचा पदार्थ: कुरमुरे, डाळं, खारे दाणे, शेव, कांदा, बारीक चिरलेली कैरी, लिंबू, तिखट-मीठ. चिंचेच्या चटणीला मज्जाव. पंखा पाचवर असला की ताटलीतले कुरमुरे उडून थेट सोफ्याखाली जातात आणि मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. म्हणून भेळ ताटलीत न देता स्टीलच्या उभ्या पेल्यात. पेला मांडीशी धरायचा, चमच्याने खायचं, दुसरा हात मोकळा. कैरी-कांदा शेवटच्या मिनिटाला मिसळा, नाहीतर सादळते.

अभिवाचन असेल त्या दिवशी मात्र भेळ मध्यंतरातच. वाचणारा हळव्या जागी येतो आणि समोरून कुरुमकुरुम आवाज येतो. फार वाईट दिसतं ते.

– डोंबिवली

सोलापुरात हा प्रश्नच नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. भाकरीचे हाताने तुकडे करायचे, घट्ट दह्यात शेंगाचटणी कालवायची, मध्ये वाडगा ठेवायचा. गॅस पेटवायची गरज नाही. चटणी आणि भाकरी बाजारातून येते आणि महिनाभर टिकते. दही तेवढं आंबट नको.

– सोलापूर

तुम्ही सगळ्यांनी पुस्तकाच्या कार्यक्रमात खाणं बसवलंय. आमच्याकडे खाण्याच्या कार्यक्रमात पुस्तक घुसलं. एप्रिल-मे म्हणजे खान्देशात वाळवणांचे दिवस. आज एकीकडे पापड, उद्या दुसरीकडे कुरडया, परवा बिबडे (ज्वारीचे पापड). गल्लीतल्या आठ-दहा जणी पोळपाट-लाटणी घेऊन जमतो. आधी गप्पा असायच्या, त्याही त्याच त्या. मग शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी 'मला आता लाटवत नाही, मी वाचून दाखवते' म्हणून कादंबरी आणली आणि ते सुरूच राहिलं.

खायला लाट्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उडदाच्या पिठात पापडखार, मिरी, हिंग घालून पीठ घट्ट भिजवतात, तेलाचा हात लावून चांगलं कुटतात, मग त्याच्या लांब वळकट्या करून दोऱ्याने तुकडे पाडतात. दोन बोटांत दोरा ताणून सर्रकन ओढला की लाटी सुटते, सुरीने तशी सफाई येत नाही. ती कच्ची लाटी वाटीतल्या तेलात बुडवून तोंडात टाकायची. खाराने जीभ जराशी चुरचुरते, तेवढीच मजा. तीन-चारांच्या वर खाऊ नका, पोट बोलेल. सगळ्यांचे हात तेलाचे आणि पिठाचे, पुस्तक फक्त काकूंच्या हातात, म्हणून काकूंना लाटी भरवायचा मान दर वेळी वेगळीला. कथा रंगात आली की लाटणी थांबतात आणि त्या दिवशीचे पापड नकाशासारखे होतात. वर्षभर तळताना कोणता पापड कोणत्या प्रकरणातला, ते आम्ही ओळखतो.

संध्याकाळी उरलेल्यांसाठी भाजलेले बिबडे, कच्चे शेंगदाणे आणि कांदा. कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक, पण तो गरम, म्हणून इथल्या यादीत बसणार नाही.

– जळगाव

जळगाव, कडक! पुढच्या उन्हाळ्यात मला बोलवा, मी लाटते.

– डोंबिवली

नागपूरकरांचं गणित वेगळं. ४५ अंशात संध्याकाळी पाचला कुणी दाराबाहेर पाय ठेवत नाही. आम्ही मेमध्ये सकाळी साडेसहाला जमतो आणि नऊच्या आत पांगतो. वर कुरमुरे-भेळ लिहिलंय, ते इथे चालत नाही, कारण खोलीत कूलर असतो. कूलरच्या ओल्या हवेत चिवडा, शेव, खाकरा, काहीही दहा मिनिटांत मऊ पडतं. (पुस्तकांची पानंही दमट होतात, त्यामुळे पुस्तकांचा टेबल कूलरच्या समोरून हलवणे हे आमचं पहिलं काम.) तेव्हा कोरडं सगळं डब्यात झाकून, आणि मध्ये ठेवायचं ते मुळातच ओलं. कैरीचा तक्कू करतो. कैरी किसून गूळ, तिखट, मीठ आणि मेथीदाण्याची फोडणी. डब्यातून खाकरा काढायचा, त्यावर चमचाभर तक्कू, लगेच तोंडात. सोबत टरबुजाच्या फोडी आणि भाजल्या जिऱ्याचं ताक. सकाळी इतक्या लवकर कोण येणार असं वाटलं होतं, पण उलट गर्दी वाढली. फिरायला जाणारे तसेच इकडे वळतात.

– नागपूर

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्या सोसायटीत आहे. ती पुढे दुसऱ्या गटाकडे जाते, त्यामुळे डागांबाबत आम्ही फार कडक. नियम एकच: जे काही असेल ते टूथपिकवर. काकडी, पनीर, एप्रिलपर्यंत मिळाली तर द्राक्षं, वरून चाट मसाला. चवीला फार काही नाही हे मान्य, पण पेटी स्वच्छ जाते.

– नाशिक

काकडी-पनीर टूथपिकवर लावून देणं हे लग्नाच्या हॉलमध्ये शोभतं. माझं मत सगळ्यांना आवडणार नाही, तरी लिहितो. मी शाळकरी वयापासून वाचनालयाची पुस्तकं वाचत आलोय. त्यांत चहाचे गोल, हळदीची बोटं, एकदा तर चपटी झालेली मोहरीसुद्धा सापडली. माझ्या आधी हे कुणीतरी जेवता जेवता, खाली न ठेवता वाचलंय, एवढाच त्याचा अर्थ. डागांना इतकं घाबरून वाचन होत नाही. माझ्याकडे भिशी असते तेव्हा मी बटाटेवडे मागवतो. उन्हाळा असो की काही असो.

– ठाणे

काका, बटाटेवड्यांना आक्षेप नाही, पण मग पुस्तक तुमचं आणा. :)

– कोथरूड, पुणे

मी ठाणेकर काकांच्या बाजूने अर्धी. स्वतःच्या पुस्तकाला हळद चालेल, पण काजूच्या बोंडाचा रस अजिबात नाही! तो डाग कपड्यावरून जात नाही, कागदावरून काय जाणार. आमच्याकडे मार्च ते मे काजूचा हंगाम, आणि बोंडं मीठ-तिखट लावून खायला सगळ्यांना आवडतात, पण ती अंगणात. आत येताना हात धुवायचे. नीरो मिळाला तर तोही अंगणातच. बोंडांचा हा ताजा रस सकाळचा सकाळीच संपवावा लागतो, दुपार झाली की आंबू लागतो. (त्यापुढच्या पायरीला काय म्हणतात ते गोंयकारांना सांगायला नको. आमच्या गटातले दोघे तेवढ्यासाठीच येतात असा आमचा संशय आहे.)

आत बसून खायला पोळी, चपाती नव्हे, आमचा गोव्याचा पाव. पदेराकडची (पाववाल्याकडची), भुशाची, पोकळ. ती मधून उघडायची, आत ओलं खोबरं-कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी आणि काकडीच्या चकत्या, मिटून चार तुकडे. चटणी घट्टच वाटायची, पाणी सुटलं की पोळी लिबलिबीत. खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उतरते, म्हणून माणसं यायच्या तोंडावरच वाटते. हाताला भुसा लागतो, तो झटकला की झालं.

– फोंडा, गोवा

हेच दडप्या पोह्यांचं. खोबरं आणि कांदा, दोन्ही उन्हाळ्यात दगा देतात. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडून, खोबरं-मिरची-लिंबू-साखर-मीठ कालवून अर्धा तास झाकून ठेवा. कांदा मात्र वाढताना. पोह्याचा पापड वर चुरला तर उत्तम.

पण आमच्या गावात मे महिन्यात मान सांदणाचा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, तेव्हा वाचणारी माणसं इथे जुनी आणि त्यांच्या खाण्याच्या आवडीही जुन्या. एक वाटी इडलीचा रवा, एक वाटी आंब्याचा रस, चवीपुरता गूळ, थोडं नारळाचं दूध, तासभर भिजवून इडलीपात्रात वाफवायचं. वाफवण्याचं काम सकाळी उजाडताच उरकून घ्यायचं. संध्याकाळी गारच खायचं, आमच्या मते गरमपेक्षा गार जास्त चांगलं लागतं. हापूसच पाहिजे असं नाही, रायवळाचा रस असला तर वास अधिक येतो. बरका फणस असेल तर त्याच्या रसाचंही. प्यायला कोकम सरबत. बाटलीतलं घ्यायचं तर अमृत कोकम घ्या. आगळ उचलून आणलंत तर ते खारं असतं, सोलकढीचं.

– रत्नागिरी

आमच्याकडे उन्हाळा जुलैत. पार्कातला शेड बुक करतो, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. पहिला नियम नाशिकसारखाच कडक, पण कारण वेगळं: दोन घरांतल्या मुलांना शेंगदाण्याची जबर अॅलर्जी आहे. आता मराठी माणसाने दाण्याच्या कुटाशिवाय गार पदार्थ करायचा म्हणजे काय, ते करून बघा! खमंग काकडी, कोशिंबीर, भेळ, चिवडा, सगळीकडे दाणे. शेवटी सूर्यफुलाच्या बिया मंद भाजून त्यांचं कूट करायला लागलो. रंग जरा हिरवट-करडा येतो, चव बरीच जवळ जाते. काकडी चोचवून, मीठ लावून पिळून घ्यायची, त्यात हे कूट, खोबरं, लिंबू, साखर, हिंग-जिऱ्याची फोडणी. दुकानात मक्याच्या खोलगट चिप्स मिळतात, त्यात एकेक चमचा. खोलगटच घ्या, सपाट चिप्सवरून घसरते. पदार्थ आणणाऱ्याने डब्यावर त्यातले जिन्नस लिहून चिकटवायचे, हाही नियम. बिचाऱ्या सोलापूरच्या शेंगाचटणीला आमच्याकडे प्रवेश नाही, ती मी घरी एकटा खातो.

– न्यू जर्सी

आम्ही शाळेच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांचा वाचनकट्टा चालवतो. मुलांना फुटाणे, कुरमुरे, गुळाचे खडे, कागदाच्या पुडीत. पुड्या मुलंच वळतात. कलिंगड शेवटी, तेही गोष्ट संपल्यावर आणि नळाजवळ. बिया थुंकण्याची स्पर्धा होते, ती थांबवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

– सांगली

सांगलीकर, आणि भडंग?

– कोथरूड, पुणे

भडंगाचं तिखट आणि तेल बोटांना लागतं ना! ते पालकांना. मुलं गेल्यावर.

– सांगली

आम्ही दर वर्षी एक बैठक भिलारला नेतो. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं. घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली. कुठे कविता, कुठे बालसाहित्य. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. गाव स्ट्रॉबेरीचं, म्हणून आम्ही मे न धरता एप्रिलच्या सुरुवातीला जातो, तेव्हा फळ अजून मिळतं. स्ट्रॉबेरी अर्धी कापून काळं मीठ आणि किंचित लाल तिखट. घरून फक्त ठेपले आणि छुंदा नेतो. पण लोकांच्या घरातली पुस्तकं आहेत, तेव्हा खाणं आणि वाचणं एकदम करत नाही. आधी झाडाखाली खातो, हात पुसायला ओला पंचा बरोबर ठेवतो, मग आत.

– सातारा

सोलापूरकर, एक विचारायचं राहिलं. कडक भाकरी कुरियरने येताना तिचा भुगा होत नाही का? आणि ज्वारीची चांगली की बाजरीची?

– नागपूर

थोडा होतोच. बांधताना चळत उभी न ठेवता आडवी ठेवायला सांगा, वर-खाली पुठ्ठा. भुगा झालाच तर दह्यात कालवून कांदा घाला आणि वाटीत द्या. ज्वारीची घ्या. तुमच्या कूलरपासून मात्र लांब ठेवा.

– सोलापूर