बक्कळ मिळतं ते मूठभरांना
हॉलिवूडच्या लेखकांना आधीच बक्कळ मिळतं मग २०२३ चा संप कशाला हवा होता, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, बक्कळ मिळवणारे मूठभर हो, बाकीच्यांचं दोन कामांच्या मधल्या काळात घर चालायचं ते रेसिड्युअल्सवर, म्हणजे टीव्हीवर एपिसोड पुन्हा लागला की लेखकाला चेक यायचा. स्ट्रीमिंगवर तेव्हा ती भानगडच नव्हती, किती जणांनी बघितलं ते कंपनी सांगायची नाही, ठरलेली रक्कम हातावर टेकवली की विषय संपायचा. त्यात २२ एपिसोडांचे सीझन ८-१० वर आले, म्हणजे कामाचे आठवडेही घटले. १४८ दिवस बिनपगारी बसायची कुणाला हौस असते का? शेवटी प्रेक्षकसंख्येवर बोनस कबूल केलाच ना स्टुडिओंनी, मग आधी काय अडलं होतं! लेखनात एआय वापरण्यावर घातलेल्या अटींचं मात्र मला फारसं खात्रीचं वाटत नाही, संपानंतरचा तो करारच मुळात तीन वर्षांचा होता.