मदत हवी आहे: आण्णांना एकदा गिरगाव दाखवायचंय (दिसतं कमी, चालणंही कमी), काय काय शिल्लक आहे?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. मुंबई म्हणजे मला दादर स्टेशन आणि नणंदेचं ठाण्यातलं घर एवढीच माहिती, म्हणून इथल्या गिरगावकरांना विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आण्णा, ७९ वर्षांचे आहेत. १९६६ ते १९७४ ते गिरगावात एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. एका चाळीत सहा जणांत एक खोली, झोपायला गॅलरी, जेवायला खाणावळ. आजोबा गेले, शेती बघायला कोणी नव्हतं म्हणून गावी आले ते आलेच, त्यानंतर मुंबईला गेले ते लग्नाकार्यापुरते आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत. आता त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाच, उजव्याने समोरचं थोडंफार दिसतं, बाजूचं नाही. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय, मला एकदा गिरगाव बघून येऊ दे.

परवा त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे नकाशा काढला. जाड स्केचपेनने, ओळी एकमेकींवर चढलेल्या. पण काढायच्या आधी बराच वेळ पत्रिका हातात धरून तिच्यावरची उठावाची अक्षरं अंगठ्याने चाचपत बसले होते, आणि मला म्हणाले, हा 'श्री' बरोबर बसलेला नाही गं. मी बघितलं तर खरंच केसभर तिरका होता, मला डोळ्यांना दिसला नव्हता.

नकाशात काय आहे ते लिहिते. ठाकूरद्वार नाका मधोमध. एका बाजूला केशवजी नाईकांची चाळ. मग खोताची वाडी, तिच्यात 'अनंताश्रम' (खाणावळ) असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. केळेवाडीत साहित्य संघ, तिथे ते उभ्याने नाटकं बघायचे म्हणे. खटाववाडीत मौजेचा छापखाना (तिथे ते कामाला नव्हते, पण मौजेचं छापलेलं बघायचं आणि मग आपल्या कामाबद्दल बोलायचं, असं त्यांचे मालक सांगायचे). फडक्यांचा गणपती. मॅजेस्टिक टॉकीज. ऑपेरा हाऊस. आणि सगळ्यात शेवटी चौपाटी, तिथे टिळकांचा पुतळा म्हणून एक उभी रेघ.

आता माझे प्रश्न.

यातलं आज काय आहे आणि काय नाही? मी नेटवर बघितलं तर अनंताश्रम बंद झाल्याचं दिसतंय आणि मॅजेस्टिक तर कधीच पाडलं. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. आधी सांगू की तिथे गेल्यावर सांगू, हेच मला कळत नाहीये.

दुसरं म्हणजे, अर्धा किलोमीटर चाललं की त्यांना बसावं लागतं, जिने फार नकोत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरणार, संध्याकाळी ठाण्याला मुक्काम. म्हणजे हातात एकच दिवस.

आणि तिसरं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. सगळीकडे 'बघण्यासारखी ठिकाणं' अशी यादी मिळते. पण ज्यांना फार दिसतच नाही त्यांना काय दाखवायचं? हात लावता येईल, वास येईल, आवाज ओळखीचा वाटेल असं तिथे काय आहे? मणिभवन आणि बाणगंगा पण करा असं एकाने सांगितलं, करू का?

– कोल्हापूरची_लेक

प्रतिसाद: ठाकूरद्वार_नाका

ताई, माझा जन्मच फणसवाडीतला, आता बोरिवलीला असतो पण महिन्यातून एकदा चक्कर असतेच. आण्णांचा नकाशा वाचून अंगावर काटा आला, एवढ्या वर्षांनी सुद्धा क्रम चुकलेला नाही त्यांचा.

आधी येण्याचं बघू. आता भुयारी मेट्रो झालीये, अॅक्वा लाईन, ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत चालू आहे. सीएसएमटीला बसलात की काळबादेवी आणि मग गिरगाव, दुसरंच स्टेशन. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, चर्नी रोडच्या पुलाचे जिने चढायला नकोत. फक्त बाहेर पडायचा दरवाजा कुठला ते आधी बघून ठेवा, नाहीतर भलत्याच बाजूला निघाल. आणि या मेट्रोच्या कामात जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरच्या काही जुन्या इमारती गेल्या, तेव्हा रस्ता त्यांना मोकळा मोकळा वाटेल, ते मात्र आधी सांगून ठेवा.

केशवजी नाईक चाळ आहे. खाडिलकर रोडला. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये इथेच बसला आणि आजही उत्सव साधाच असतो, मूर्ती लहान, पालखीतून मिरवणूक. तुम्ही गणपतीत येत नसाल तरी चौकात जाऊन उभे राहा. चाळीचा आवाज तुम्हाला कुठल्याच यादीत मिळणार नाही, वरून कोणीतरी खाली हाक मारतं, कुकरची शिट्टी, लाकडी जिन्यावरून पोरं धाडधाड उतरतात. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवू दे त्यांना. तिथली माणसं आपुलकीने बोलतात, फक्त रहिवाशांना विचारून आत जा.

साहित्य संघ आहे, केळेवाडीत. संस्था १९३५ ची, नाट्यगृहाला डॉ. अ. ना. भालेरावांचं नाव. त्या दिवशी काही कार्यक्रम आहे का ते आधी चौकशी करून ठेवा, असला तर दुपारचा वेळ आत बसून काढता येईल, पायाला विश्रांती आणि कानाला मराठी.

फडक्यांच्या गणपतीला जाच. पाडव्याची शोभायात्रा तिथूनच निघते. पण पाडव्याला आण्णांना आणू नका, ढोल-ताशा आणि गर्दी, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

प्रतिसाद: वाडीतली

खोताच्या वाडीबद्दल मी सांगते, माझं माहेर तिथून दोन गल्ल्या सोडून.

अनंताश्रम खरंच बंद झालं, बरीच वर्षं झाली. तिथलं माशाचं जेवण ज्यांनी जेवलंय त्यांना दुसरीकडे कुठे तशी चव लागत नाही, माझ्या काकांना नाही लागली. पण वाडी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी दादोबा वामन खोत यांनी या जमिनीचे तुकडे पाडून ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी ख्रिस्ती) कुटुंबांना दिले, म्हणून खोताची वाडी. पूर्वी साठच्या वर बंगले होते, आता निम्मेसुद्धा नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या शेजारी टॉवर आलेत. तरी लाकडी व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने, रंगीत कठडे, हे सगळं अजून आहे. गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंचं जवळून दिसतं, ज्याला समोरचंच दिसतं त्याच्यासाठी हे बरंच म्हणायचं. भर गिरगावातून आत वळलं की दहा पावलांत गाड्यांचा आवाज बंद होतो. आण्णांना तो बदल डोळे मिटून पण कळेल.

एवढंच की ती लोकांची घरं आहेत. ओट्यावर बसू नका, खिडकीतून फोटो काढू नका. आजी-आजोबा कोणी बाहेर बसलेले असले तर नमस्कार करा, बोलतील.

आणि ताई, आधी सांगा हो. माझ्या वडिलांना आम्ही त्यांच्या शाळेत नेलं होतं न सांगता, इमारत नव्हती, ते फुटपाथवर तसेच उभे राहिले, आणि मग दिवसभर कशातच मन लागलं नाही त्यांचं. घरी सांगितलं असतं तर घरीच काय ते वाईट वाटून गेलं असतं आणि तिथे जे आहे ते तरी बघितलं असतं.

प्रतिसाद: चालता_बोलता

वाडीतली यांच्याशी सहमत, पण मॅजेस्टिकचं वेगळं आहे. थिएटर गेलं तरी जागा गेलेली नाही, तिथल्या इमारतीला आजही मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरच म्हणतात. भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला तिथेच लागला होता. आणि फाळक्यांचा पहिला मूकपट ३ मे १९१३ ला जिथे लोकांसाठी लागला ते कोरोनेशनसुद्धा याच गिरगावात होतं, तेव्हाच्या सँडहर्स्ट रोडला, म्हणजे आताच्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्याला. मुका सिनेमा आणि बोलका सिनेमा दोन्ही इथे, आणि आज तिथून जाणाऱ्याला काही पत्ता नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑपेरा हाऊस मात्र बघा, म्हणजे बाहेरून तरी. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरं पण व्हायचं होतं. बालगंधर्व, दीनानाथ तिथे गायलेत. आण्णांच्या काळात तिथे सिनेमे लागायचे. १९९३ ला बंद पडलं, पुरती रया गेली होती, मग दुरुस्त करून २०१६ मध्ये परत उघडलं. आत जायचं तर कार्यक्रमाचं तिकीट काढा.

मणिभवन यावेळी सोडा. जागा सुंदर आहे, १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथेच असायचे, पण सगळं बघायचं तर जिने चढावे लागतात आणि वरचे देखावे काचेच्या पेट्यांत आहेत, आण्णांना ते नीट दिसणार नाहीत आणि मग उगीच चिडचिड. बाणगंगेला पण पायऱ्याच पायऱ्या. देवाला जायचंच असेल तर बाबुलनाथाला लिफ्ट आहे.

माझ्या मते क्रम असा ठेवा: सकाळी केशवजी नाईक चाळ, मग नाश्ता, खोताची वाडी, दुपारी कुठेतरी सावलीला बसा, आणि उन्हं उतरली की टॅक्सीने ऑपेरा हाऊसवरून चौपाटी. नाश्त्याला विनय हेल्थ होमची मिसळ नाहीतर पणशीकरांचं पियूष, आण्णांना दोन्ही नावं माहीत असणार. चौपाटीवर पुतळ्यापाशी थांबा. १ ऑगस्ट १९२० ला टिळकांवर अंत्यसंस्कार या वाळूतच झाले, म्हणून पुतळा तिथे. घडीचं स्टूल बरोबर ठेवा, सगळीकडे बाक मिळतीलच असं नाही. आणि रविवार धरा, रस्त्यांवर वर्दळ कमी असते, चौपाटीवर मात्र संध्याकाळी गर्दी असते.

प्रतिसाद: कोल्हापूरची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, काल रात्री मी हे सगळं आण्णांना वाचून दाखवलं. अनंताश्रमचं पण वाचलं, थांबले नाही. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, तिथे रांगेत उभं राहिलं की आतून तळणीचा वास यायचा आणि खिशात पैसे मोजून ठेवावे लागायचे. मग विचारलं, वाडी आहे ना पण? आहे म्हटलं. तर म्हणाले, मग स्टूल घे, वाडीत जरा वेळ बसू.

ओट्यावर बसायचं नाही हे पण त्यांना सांगितलंय.

मेट्रोचं ऐकून मात्र विश्वास बसेना, गिरगावाच्या खालून गाडी, असं तीनदा विचारलं.

रविवारच ठरवतोय, भाऊ पण येतोय. फक्त एकच अडचण, रविवारी छापखाने बंद असणार. खिळ्यांचा छापखाना आता कुठे असेल असं मला वाटत नाही, पण विचारून बघते. कोणाला काही माहीत आहे का?

प्रतिसाद: ठाकूरद्वार_नाका

ताई, खिळ्यांवर रोजचं काम करणारा निदान माझ्या माहितीत आता कोणी नाही, सगळं ऑफसेट आणि कॉम्प्युटर. एके काळी हा सगळा पट्टा छापखान्यांचा होता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला निर्णयसागर काळबादेवीत कोलभाट गल्लीत होता, त्यांचे टाईप तर सगळीकडे जायचे, आण्णांनी हाताळले असणारच.

पण माझ्या एका मित्राच्या ओळखीत एक लहान प्रेस आहे, आता पत्रिका आणि बिलबुकं करतात. मालकांच्या वडिलांच्या वेळचे टाईपचे दोन खण त्यांनी विकलेले नाहीत, कोपऱ्यात धूळ खात आहेत. घर वरच्याच मजल्यावर आहे त्यामुळे रविवारी सुद्धा खाली येऊन उघडतील. मी काल फोन केला, या म्हणाले, अगदी आनंदाने या. प्रेस तळमजल्यालाच आहे, एक पायरी फक्त. पत्ता तुम्हाला निरोपात पाठवतो.

प्रतिसाद: कोल्हापूरची_लेक

दादा, काय बोलू. आण्णांना सांगितलं तर उठून बसले आणि उजव्या हाताचा अंगठा नि बोट एकमेकांवर घासायला लागले, लहानपणी मी त्यांना असं करताना रोज बघायचे, वर्तमानपत्र वाचताना पण करायचे.

त्यांचा एकच निरोप आहे. मालकांना विचाराल का, टाईप बारा पॉइंट आहे की सोळा? आणि खणात जोडाक्षरं पुरी आहेत का?