‘थ्री टाइम्स मोर’ म्हणजे नक्की किती?

काटेकोर
काल एका इंग्रजी अहवालाची प्रुफं तपासत होतो. वाक्य होतं, यंदा तक्रारी गेल्या वर्षीपेक्षा ‘थ्री टाइम्स मोर’. खालच्या तक्त्यात गेल्या वर्षी १००, यंदा ३००. माझ्या मते हे सपशेल चूक. ‘मोर’ म्हणजे जादा. शंभरावर तीनशे जादा म्हणजे ४०० होतात. ३०० म्हणायचंय तर ‘थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज’ लिहा. लिहिणाऱ्या बाईंना कळवलं, तर म्हणाल्या, “सगळे असंच लिहितात.” सगळे ‘सीनियर दॅन मी’ आणि ‘मोर बेटर’सुद्धा म्हणतात, म्हणून छापायचं का?

भाषाभटक्या
बाईंचं बरोबर आहे. ते वाचून ४०० धरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. हा वाक्प्रचार झाला, बेरीज नव्हे. मराठीत ‘तक्रारी तिपटीने वाढल्या’ म्हटल्यावर तू काय ४०० धरतोस?

आकडेमोड्या
मी धरतो! निदान थबकतो तरी. टक्क्यांत बघ. १०० चे ३०० झाले तर वाढ २०० टक्के. ‘थ्री हंड्रेड पर्सेंट मोर’ लिहिलं तर सरळ ४००. आता एकाच पानावर वर ‘थ्री टाइम्स मोर’ आणि खाली ‘थ्री हंड्रेड पर्सेंट मोर’ असेल, तर तुझा वाक्प्रचार पहिल्याला ३०० म्हणणार आणि दुसऱ्याला ४००. आणि ‘थ्री टाइम्स लेस’चं काय? शंभरापेक्षा तीनपट कमी म्हणजे ३३, की उणे २००? सरळ ‘वन थर्ड’ लिहायला काय जातं?

भाषाभटक्या
‘थ्री टाइम्स लेस’ मलाही आवडत नाही, ते घे तुझ्याकडे. पण नियमांचा इतका धाक कशाला? मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’, न येणाऱ्यांना ‘लेस’, हा शाळेत घोकलेला नियम. त्याचा उगम साधारण १७७० सालच्या रॉबर्ट बेकरच्या पुस्तकात सापडतो, आणि तिथे त्याने फक्त आपली पसंती सांगितली होती. त्याआधी कित्येक शतकं लोक मोजायच्या वस्तूंना बिनदिक्कत ‘लेस’ लावत होते.

जुनी वही
‘मोर बेटर’वरून आठवलं. शेक्सपिअरच्या ज्युलिअस सीझरमध्ये ब्रूटसच्या घावाला अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो. दुहेरी! आणि आपण हसायचं कारण नाही. संस्कृतात ‘श्रेष्ठ’मधला ‘इष्ठ’ म्हणजेच सगळ्यांत वरचा, तरी यजुर्वेदात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहेच. गंमत म्हणजे हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ सख्खे भाऊ. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ शेजारी ठेवून बघा. आपण मात्र ‘अधिक स्वादिष्ट’ म्हणतो आणि कुणाच्या घशात काही अडकत नाही.

काटेकोर
वेदांना आणि शेक्सपिअरला माफ, अहवालाला नाही. ‘सीनियर’बद्दल कुणीच बोलेना. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही लॅटिनमधली तुलनावाचक रूपं. ‘अधिक’ त्यांच्या पोटातच आहे, आणि इंग्रजीत ती ‘दॅन’ नाही, ‘टू’ घेतात.

भाषाभटक्या
मग ‘मोर सीनियर दॅन’ चालतं ते कसं? चांगले लेखक सर्रास लिहितात.

काटेकोर
चालतं, कारण तिथे ‘दॅन’ हा ‘मोर’चा जोडीदार आहे. नुसतं ‘सीनियर दॅन’ नको.

आकडेमोड्या
ते राहू दे, अहवालाचं काय झालं?

काटेकोर
‘तक्रारी १०० वरून ३०० वर गेल्या’ असं केलं. बाई लगेच हो म्हणाल्या.

भाषाभटक्या
म्हणजे ‘थ्री टाइम्स’ही गेलं आणि तुझं ‘ॲज मेनी ॲज’ही! दोघेही हरलो की रे.