न्यूक्वा, मेटिया की वाबॉन्सी?
शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये घर बघताना ते न्यूक्वा व्हॅली हायस्कूलच्याच हद्दीत हवं, म्हणजे मुलांना तीच शाळा मिळेल, हा तुमचा हट्ट कळतो. पण न्यूक्वा, मेटिया आणि वाबॉन्सी या तिन्ही शाळा डिस्ट्रिक्ट २०४ या शालेय विभागाच्याच; शालेय मंडळ एकच. न्यूक्वा १९९७ची, मेटिया २००९ची. वाबॉन्सी सगळ्यांत जुनी, म्हणून लोक उगाच नाकं मुरडतात. आमची लेक तिथलीच. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर एपी (कॉलेजच्या पातळीच्या) कॅल्क्युलसची गणितं आणि शेजारी व्हायोलिनची उघडी पेटी, असं चार वर्षं चाललं. काही अडलं नाही.

खरी मेख पत्त्यात आहे. नेपरव्हिलचा पत्ता असूनही घर शेजारच्या डिस्ट्रिक्ट २०३ मध्ये निघू शकतं! एजंटच्या शब्दावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या नकाशावर घर नंबर टाकून बघा. हद्दी बदलतातही, मेटिया उघडली तेव्हा बदलल्याच होत्या.