‘भूगर्भातला महासागर’ म्हणावे की नाही?

प्रश्न : ‘पृथ्वीच्या पोटात महासागर सापडला’ ही बातमी अधूनमधून फिरते. इथे ‘महासागर’ चालेल, की ‘भूजल’ म्हणावे?

— दोन्ही नकोत. भूजल म्हणजे खडकांच्या भेगांत आणि छिद्रांत साठलेले, विहिरीला लागणारे पाणी. बातमीतले पाणी ४१० ते ६६० किमी खोलीवरच्या प्रावरणातले, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरातले. तिथल्या दाबाखाली पोकळी टिकतच नाही, समुद्र कुठला! ब्राझीलमधल्या जुईना भागातल्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवूडाइट या त्या खोलीवरच्या खनिजाचा कण २०१४ मध्ये जाहीर झाला. त्यात वजनाच्या एक टक्क्याहून थोडे जास्त पाणी निघाले. सगळ्या थरात तेवढेच पाणी धरून गुणाकार केला की महासागर तयार!

— मग ‘स्फटिकजल’ घ्या, तयार शब्द आहे.

— तोही फसवा. मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे पाच अख्खे रेणू असतात; खडा तापवला की ते उडून जातात आणि निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. ते स्फटिकजल. रिंगवूडाइटमध्ये पाण्याचा रेणूच नसतो. प्रामुख्याने मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी हायड्रोजन शिरतो आणि ऑक्सिजनला धरून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन बसतो. ‘खनिजबद्ध पाणी’ म्हणावे.

— ‘खनिजबद्ध’ला अनुमोदन. बांधलेले आहे म्हणजे सुटूही शकते, आणि खरी गंमत सुटण्यातच आहे. दुसऱ्या भूपट्टाखाली बुडत जाणाऱ्या भूपट्टातल्या सर्पेंटाइन या खनिजामध्ये वजनाने सुमारे १३ टक्के पाणी असते. खाली तापत गेले की ते खनिज मोडते, सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि तिथल्या खडकाचे वितळण्याचे तापमान काही शे अंशांनी उतरते. नवी उष्णता न मिळताही शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, होतो तो असा. म्हणूनच ज्वालामुखींची रांग साधारणपणे भूपट्ट १०० किमीच्या आसपास खोल गेलेला असतो, त्याच्या डोक्यावर दिसते. त्यांतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड परत वर येतात. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सिलिकेट खडक झिजवतो, शेवटी त्याची चुनखडी होते. खालून भरपाई थांबली तर लाखो वर्षांत हवा गारठत जाईल.

— फक्त प्रावरणाला ‘शिलारसाचा थर’ लिहू नका, तेही सर्रास दिसते. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. तो घन खडकच आहे, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणारा. शिलारस त्यात जागोजागी, थोडाथोडा.