पीएस फोर, स्विच आणि जुना पीएस टू, या तिन्ही गेम कन्सोलला चालेल असं आर्केड पॅनल घरी बनवायचंय

टीपॉय_चॅम्पियन (इंदूर)
नमस्कार मंडळी. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला आमच्याकडे भाचे, पुतणे, आतेभाऊ असा सगळा गोतावळा जमतो आणि दुपारी रंग धुऊन झाला की जो तो मोबाईलमधे तोंड खुपसून बसतो. म्हणून डोक्यात आलंय की दोघांना शेजारी बसून खेळता येईल असं पॅनल बनवावं, दांडी आणि ती मोठी गोल बटनं, टीव्हीसमोर टीपॉयवर ठेवलं की झालं. पूर्ण कॅबिनेट नकोय, फ्लॅटमधे जागा नाही. घरात पीएस फोर आहे, स्विच आहे, माळ्यावर एक पीएस टू आहे जो अजून चालतो, आणि लॅपटॉपवर मुस्तफा हा जुना आर्केड गेम तर खेळायचाच आहे.
किचनच्या कामातला १८ एमएम प्लायचा तुकडा उरलाय तो वापरीन म्हणतो. ऑनलाइन एक यूएसबी एन्कोडर (बटनांचे दाब कन्सोलला कळवणारा बोर्ड) बघितला, झीरो डिले नावाचा, दांडी-बटनं-वायरी सगळं एका सेटमधे येतं आणि स्वस्त आहे, विकणाऱ्याने लिहिलंय सगळ्या कन्सोलला चालतो. घेऊन टाकू का? एक मित्र म्हणतो कशाला पैसे घालवतोस, जुनं गेमपॅड उघड आणि त्याच्या बटनांना वायरी डकव. सोल्डरिंग येतं मला थोडंफार.

खटपट्या (इंदूर)
अरे भिया थांबा, ऑर्डर टाकू नका. सगळ्या कन्सोलला चालतो असं जिथे लिहिलेलं असतं तिथे पुढचं वाचायचंच नाही. तो एन्कोडर पीसीवर चांगला चालतो, पीएस थ्रीवर पण चालतो, पण पीएस फोरला लावलात तर नुसता दिवा लागेल. वायरिंग कितीही बरोबर असू दे, पीएस फोर प्रत्येक पॅडला आधी ओळख विचारतो, पॅडच्या आत सोनीची किल्ली असलेली चिप नसेल तर आत घेत नाही किंवा थोड्या वेळात हाकलतो. एक्सबॉक्सचं तर त्याहून कडक आहे, नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली पॅडं ब्लॉकच करायला घेतली, बरंय तुमच्याकडे तो नाही.
म्हणजे खरी डोकेदुखी सुतारकामात नाहीये, कन्सोलच्या कुलुपात आहे, आणि हे कुलूप कंपनी अपडेट टाकून कधीही बदलू शकते. तेव्हा पॅनल वेगळं आणि कन्सोलशी बोलणारा बोर्ड वेगळा असं पहिल्यापासून धरून चाला. दांडी-बटनांच्या सगळ्या वायरी एका कनेक्टरवर आणून सोडा, बोर्ड स्क्रूवर बसवा, खालचं झाकण उघडणारं ठेवा. उद्या पीएस सिक्स आला तर बोर्ड काढून दुसरा लावाल, लाकडाला हात लावायची गरज नाही. अशी दांडी-बटनांची पॅनलं, म्हणजे फाइटस्टिक बनवणाऱ्यांमधे २० पिनचं सॉकेट जवळजवळ ठरूनच गेलंय, तेच वापरा.
बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड घ्या, २०२१ मधे चार डॉलरला निघाला होता, आपल्याकडे थोडा वर पडतो पण झेपतो. त्यात जीपी२०४०-सीई नावाचं फुकटचं फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकायचं. बोर्डावरचं बूटसेल बटन दाबून धरायचं, तसंच दाबलेलं ठेवून यूएसबी लावायची, लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, त्यात फर्मवेअरची फाइल टाकली की झालं. कोणत्या पिनला कोणतं बटन हे ब्राउझरमधूनच ठरवता येतं, स्टार्ट दाबून धरून प्लग लावा आणि १९२.१६८.७.१ उघडा. स्विच आणि पीसीवर काही कटकट नाही, प्लग लावताना एखादं ठरलेलं बटन दाबून ठेवलं की मोड बदलतो. आणि दोन पिको लागतील बरं का, एक बोर्ड म्हणजे कन्सोलच्या लेखी एकच पॅड.
पीएस फोरवर मात्र नुसता पिको आठेक मिनिटं चालतो आणि मग कन्सोल त्याला हाकलतो, ऐन शेवटच्या राउंडला. त्यावर इलाज म्हणजे ब्रूक कंपनीचा युनिव्हर्सल फायटिंग बोर्ड, पीएस थ्री, पीएस फोर, स्विच, पीसी सगळं धरतो आणि मिनिटांची भानगड नाही, पण किंमत पिकोच्या कितीतरी पट. मी तर म्हणेन आधी पिकोवर सगळं उभं करा, पोरं पीएस फोरवर खरंच खेळतात का बघा, मग खिशात हात घाला.

सुतारपक्षी (बडोदा)
बोर्डाचं वर आलंच आहे, मी लाकडाचं बोलतो कारण १८ एमएम प्लाय वाचून राहवलं नाही. सान्वा या जपानी कंपनीची ओबीएसएफ-३० बटनं बघितलीत का, त्यांना बाजूला दोन प्लास्टिकचे कान असतात, बटन वरून दाबलं की कान खाली उघडून पत्र्याला पकडतात. हे कान दोन-चार एमएम जाडीच्या पॅनलसाठी आहेत, १८ एमएमच्या भोकात ते उघडतच नाहीत आणि बटन नुसतं भोकात उभं राहतं, चार दाबांत वर येतं. दांडीचं पण तेच, सान्वाचीच जेएलएफ दांडी खालून बसवली की अर्धी लांबी प्लायमधेच जाते आणि वर बोटाएवढी बोंडी उरते, पोरांच्या हातात काही येत नाही.
मग दोन रस्ते. एक, प्लायची फक्त पेटी करा आणि वरचा पृष्ठभाग दोन एमएम लोखंडी (एमएस) पत्र्याचा नाहीतर तीन एमएम अ‍ॅक्रिलिकचा, लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं की तो भोकं पाडूनच देतो. अ‍ॅक्रिलिक एकटं लचकतं, दांडीच्या खाली प्लायचा आधार द्या. दुसरा रस्ता म्हणजे प्लायच ठेवायचा पण खालून नट कसायची बटनं घ्यायची, ती लांब मानेची अमेरिकन पद्धतीची. दांडीखाली मात्र राउटरने कोरून जाडी कमी करावीच लागेल, राउटर नसेल तर पटाशीने, वेळ जातो पण जमतं.
भोकांचं माप बटन हातात आल्यावरच ठरवा. जपानी बटनाला ३० एमएम, स्टार्ट-सिलेक्टला २४, अमेरिकन पद्धतीच्याला साधारण २८, दांडीच्या दांड्याला २४ पुरतं, वरची चकती भोक झाकते. होल सॉ नको, सनमायका उडतो, फोर्स्टनर बिट (मोठं, स्वच्छ भोक पाडणारं ड्रिलचं पातं) घ्या आणि खाली एक रद्दी फळी दाबून ठेवा. त्याआधी लेआउट पूर्ण मापात प्रिंट करून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, दोन मोठी माणसं शेजारी बसवा आणि हात ठेवून बघा. नेटवरचे लेआउट एका माणसासाठी असतात, दोन शेजारी डकवले की कोपराला कोपर लागतं आणि मग खेळण्यापेक्षा भांडणंच जास्त. आणि पेटी जड करा हो, खाली रबराचे पाय लावा, हलकी पेटी जोशात टीपॉयवरून खाली येते.

माळ्यावरचा_खजिना (ग्वाल्हेर)
पॅड उघडायच्या पद्धतीला इथे सगळ्यांनी एकदम वाळीत टाकू नका. परवाना असलेलं पीएस फोरचं वायरवालं पॅड घेतलंत तर ओळखीची ती चिप त्याच्यातच असते, मग आठ मिनिटांचा प्रश्नच नाही. आणि पीएस टूला तर यूएसबीवाला बोर्ड सरळ लागणारच नाही, त्याचं पोर्ट वेगळं, भाषा वेगळी. तिथे पॅडच उघडा.
फक्त पॅड निवडताना बघा. ड्युअलशॉक २ घेऊ नका, त्याची बटनं दाब मोजतात, आत पातळ फिल्म असते, तिच्यावर सोल्डर लावायला गेलं की वितळते. पीएस वनचं साधं, काड्या नसलेलं पॅड मिळालं तर ते बेस्ट, पीएस टूमधे लागतं. उघडल्यावर मल्टीमीटर बीपवर टाका, एक टोक ग्राउंडच्या वायरीला आणि दुसरं टोक प्रत्येक बटनाच्या दोन पट्ट्यांना आळीपाळीने. सगळ्या बटनांची एक-एक पट्टी बीप देत असेल तर ग्राउंड सामायिक आहे, म्हणजे बटनांमधून ग्राउंडची एकच वायर माळेसारखी फिरवता येते. बीप नसेल तर ते पॅड परत बंद करून खेळायला ठेवा. काळा कार्बन आधी ब्लेडने खरवडायचा, त्याच्यावर सोल्डर धरत नाही.

खटपट्या (इंदूर)
खजिनाभाऊ, पीएस टूपुरतं एकदम मान्य. पीएस फोरचं पॅड कापायला मात्र जीव होत नाही, ते पॅड मग त्या एकाच कन्सोलचं होऊन बसतं. पण तुमचं उघडलेलं पॅड त्याच २० पिनच्या सॉकेटवर आणलं तर दोघांचंही भागतं, खाली झाकण उघडा, पिको काढा, पॅडचा बोर्ड लावा. दोन्ही बोर्ड एकाच वेळी मात्र जोडून ठेवू नका, पिको ३.३ व्होल्टवर आहे आणि दुसऱ्याचा करंट त्याच्या पिनवर गेला तर जाईल तो.

टीपॉय_चॅम्पियन (इंदूर)
बापरे, बरं झालं विचारलं. एन्कोडर रद्द, दोन पिको घेतो, पीएस टूसाठी पीएस वनचं पॅड शोधतो. पत्र्याचा टॉप करीन, प्लायची पेटी. आता दोन शंका. प्रत्येक बटनाला रेझिस्टर लावावा लागतो का? आणि भाच्याचं म्हणणं असं की यूएसबीवाल्या घरगुती स्टिकला लॅग असतो, म्हणजे बटन दाबल्यावर उशिरा कळतं, खरंय का?

खटपट्या (इंदूर)
रेझिस्टर नको, पिकोच्या पिनला आतूनच पुल-अप रेझिस्टर असतो. बटनाची एक बाजू पिनला, दुसरी ग्राउंडला, बस. बटनांना वायर सोल्डर करू नका, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची, बटनाच्या पत्तीवर सरकणारी क्लिप) लावा म्हणजे बटन खराब झालं की दोन मिनिटांत बदलतं. सान्वाला २.८ एमएमची थिंबल, मायक्रोस्विचवाल्या अमेरिकन बटनांना ४.८ची. वायर-थिंबल महाराणी रोडला मिळेल, स्क्रू, रबराचे पाय, फोर्स्टनर बिट सियागंजला बघा, बटन सोबत न्या म्हणजे माप लगेच लावून बघता येईल. दिवेवाली बटनं घेणार असाल तर त्यांचे ५ व्होल्ट इनपुटच्या पिनला शिवू देऊ नका.
लॅगचं म्हणाल तर पिको सेकंदाला हजार वेळा बटनं कळवतो, तिथे काही अडत नाही. भाच्याला टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन गेम मोड चालू करायला सांगा, टीव्ही चित्र गोडगोड करायला जो वेळ खातो तोच बहुतेक वेळा लॅग म्हणून स्टिकच्या नावावर खपतो.

सुतारपक्षी (बडोदा)
आणि मुस्तफाला दोनच बटनं लागतात म्हणून दोनच भोकं पाडू नका, स्ट्रीट फायटरला सहा लागतात. पत्रा कापायला देतानाच प्रत्येकी आठ पाडून घ्या, नको तिथे बटनाच्या मापाची टोपी बसवता येते, पावडर कोटिंग झाल्यावर नवीन भोक पाडलं तर रंग उडून कडेला गंज धरतो.