आजोबांच्या पुस्तिकेतील विमान-इंजिन कोणते असावे?

प्रश्न

माझे आजोबा १९४० साली भारतीय हवाई दलात फिटर म्हणून भरती झाले. त्यांची तुकडी आधी पेशावरला आणि १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशातील टौंगूला होती, एवढेच ते सांगत. त्यांच्या ट्रंकेत इंजिनाची एक इंग्रजी पुस्तिका निघाली आहे. मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने गेल्यामुळे इंजिनाचे नाव कळत नाही; आकृत्यांवरून ते नऊ सिलिंडरांचे, वर्तुळाकार मांडणीचे आणि हवेने थंड होणारे आहे. कोडे असे, की टॅपेटची (झडप ढकलून उघडणाऱ्या भागाची) फट किती ठेवावी याबद्दल त्यात एक ओळही नाही. नोकरी सुटल्यावर आजोबा गावात विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करीत, आणि कोणतेही इंजिन उघडले की पहिल्यांदा टॅपेट पाहत. ती पाने गळाली असतील का? समासातील पेन्सिलीच्या टिपा मोडीत आहेत. एका पानाचे छायाचित्र जोडत आहे.

प्रतिसाद १

पाने गळालेली नाहीत. या इंजिनाला टॅपेटच नव्हते. हे ब्रिस्टल कंपनीचे पर्सियस असणार. कंपनीचे अभियंते रॉय फेडन यांच्या हाताखाली घडलेल्या या इंजिनात नेहमीच्या झडपांऐवजी दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये पोलादाची एक पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, असे. ती वरखाली सरकता सरकता थोडी गोलही फिरे, आणि तिच्यातील खिडक्या सिलिंडरच्या खिडक्यांसमोर आल्या की हवा-इंधनाचे मिश्रण आत येई किंवा धूर बाहेर जाई. त्यामुळे पुशरॉड, म्हणजे झडपांना ढकलणाऱ्या दांड्या, नाहीत, स्प्रिंगा नाहीत आणि मोजायला फटही नाही. त्याच आकारमानाच्या, म्हणजे सुमारे २४.९ लिटरच्या, ब्रिस्टलच्याच मर्क्युरी इंजिनाला मात्र झडपा होत्या. आकृतीत पुशरॉड दिसत नसतील, तर शंका फारशी उरत नाही.

प्रतिसाद २

स्थळकाळही जुळतो. लायसँडर विमानाच्या मार्क १ आणि ३ या आवृत्त्यांमध्ये मर्क्युरी होते, मार्क २ मध्ये पर्सियस. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला लायसँडर मिळाली ती १९४१ मध्ये, पेशावरला, मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडाच्या पैशातून. आपल्या भागातील वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे असे मला वाटते. फेब्रुवारी १९४२ मध्ये टौंगूच्या धावपट्टीवर जपानी बॉम्ब पडल्यानंतर स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी याच टेहळणीच्या विमानाखाली बॉम्ब बांधून थायलंडमधील मे हाँग सोनच्या तळावर हल्ला केला. तुकडीच्या तंत्रज्ञांमध्ये तेव्हा वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंग होते, जे हवाई शिपाई म्हणून भरती होऊन पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. तुमचे आजोबा त्यांच्याच हाताखाली असण्याचा फार संभव आहे.

प्रतिसाद ३

छायाचित्रातील मोडी मी अशी लावली: ‘सकाळी पंखा हाताने फिरवणे. अडल्यास जोर करू नये. खालचे प्लग काढून तेल जाऊ द्यावे.’ पंखा म्हणजे विमानाचा प्रोपेलर. वर्तुळाकार इंजिनात रात्रभर तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तेल दाबले जात नाही, म्हणून तसेच चालू केले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. छापील सूचना समोर असतानाही आजोबांनी ही टीप स्वतःच्या लिपीत पुन्हा लिहिली, म्हणजे हा प्रसंग त्यांच्या हातून गेलेला असावा.

पानांना कृपया चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, आणि तेलाचे डाग पुसू नका. उरलेल्या टिपांची छायाचित्रे खिडकीशी, तिरप्या उजेडात घ्या. पेन्सिल पुसट असली तरी अक्षरे वाचता येतील.